नव्वद गाई आणि तांबडा खडू

मागच्या हंगामात नव्वद गाईंना एकतीस वासरे झाली. ओलेगारिओ म्हाताऱ्याने त्याचा दोष सगळ्यांना वाटून दिला. थोडा पावसाला, थोडा सुकलेल्या गवताला, थोडा शेजाऱ्याच्या मोडक्या कुंपणाला आणि उरलेला सगळा सून मारिल्दाला. आपल्या सुलतान वळूला मात्र त्याने कणभरही दिला नाही. वास्तविक सुलतान मागच्या उजव्या पायाने लंगडत होता आणि गाईवर चढता चढता मध्येच विचार बदलून खाली उतरत होता. मारिल्दाने हे डोळ्यांनी पाहिले होते, तीनदा सांगितलेही होते. तिन्ही वेळा सासऱ्याने असा चेहरा केला, जणू तिने घरातल्या थोरल्या माणसाची बदनामी केली.

पार्दो नदीच्या या काठाला आता गुरांचे रान फारसे उरले नव्हते. तीन बाजूंच्या शेजाऱ्यांनी जमिनी निलगिरीच्या कंपनीला चौदा वर्षांच्या कराराने देऊन टाकल्या होत्या. कुंपणापलीकडे सरळसोट झाडांच्या रांगा, आणि त्यांच्या खाली गवताची काडी नाही. मारिल्दाचा नवरा एडसन त्याच कंपनीचे ओंडके ट्रकवर वाहत असे आणि पंधरा दिवसांतून एकदा झोपायला घरी येई. जमिनीचा विषय काढला की तो म्हणे, "बाबा म्हणतील तसं," आणि कूस बदले.

तिचा थोरला दीर वाल्मीर शहरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान चालवत होता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो जेवायला आला तो कराराचे कागद घेऊनच. भात, घेवडा आणि उकडलेला कसावा पानात पडायच्या आत त्याने विषय काढला.

"बाबा, एकतीस वासरांसाठी एवढं रान अडवून ठेवायचं? सही करा आणि मोकळे व्हा. मारिल्दाचं म्हणाल तर तिला मी दुकानात गल्ल्यावर बसवतो. पंख्याखाली बसेल, राणीसारखी."

मारिल्दा एकोणिसाव्या वर्षी या घरात आली होती. बावीस वर्षे तिने वासरे ओढून काढली होती, किडे पडलेल्या नाळा धुतल्या होत्या, तापलेल्या सळईने डाग दिले होते. पंख्याखाली बसून नटबोल्ट विकायच्या कल्पनेने तिने पानच बाजूला सारले.

"वळूच्या भरवशावर राहू नका," ती म्हणाली. "गुरांचा डॉक्टर वांदेर्ले इंजेक्शनं देऊन सगळ्या गाई एकदम माजावर आणतो आणि एकाच दिवशी सगळ्यांना कृत्रिम रेतन करतो. दहा दिवसांचं काम. नदीपल्याड सगळे करतात आता."

"एकदम? नव्वद गाई? काय लग्नाचा मांडव आहे का?" म्हातारा म्हणाला.

"एक हंगाम द्या मला. फक्त एक."

म्हाताऱ्याला निलगिरीही नको होती आणि इंजेक्शनेही नको होती. त्याला सुलतान हवा होता, आणि तोही आठ-दहा वर्षांपूर्वीचा. तो खूप वेळ कसावा चिवडत बसला. मग त्याने टेबलावर बोट आपटले.

"निम्म्या. डॉक्टरच्या पहिल्या फटक्यात पंचेचाळीस गाई गाभण राहिल्या तर गुरं तुझी, तू सांभाळ, मी तोंड उघडणार नाही. एक जरी कमी भरली तर वाल्मीरच्या कागदावर सही."

वाल्मीरने कागद परत पाकिटात घातले आणि हसून आणखी घेवडा वाढून घेतला.

पहिल्या दिवशी डॉक्टर वांदेर्ले दोन तास उशिरा आला. तोवर मारिल्दा आणि क्रिस्पिन यांनी गाई कोंडवाड्यात कोंबल्या होत्या. क्रिस्पिन पराग्वेकडचा जुना गुराखी, बोलायला कंजूष, पण गाईच्या शेपटाला हात घालायला कधी न कचरणारा. ऊन टाळूवर आले होते. पांढऱ्या, वशिंडवाल्या गाई धुळीत एकमेकींवर शिंगे आपटत होत्या. दुष्काळाने त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि लुचणाऱ्या वासरांनी उरलेसुरले शोषून घेतले होते. असल्या गाई आपणहून कशाला माजावर येतील?

एकेक गाय लाकडी बोळातून खोड्यात यायची. क्रिस्पिन फळी पाडायचा, मारिल्दा शेपूट धरायची आणि डॉक्टर एक पांढरे, दोन पंखांचे, बोटभर लांबीचे साधन गाईच्या योनीत सरकवून त्याची निळी दोरी बाहेर लोंबती ठेवायचा. मग मांडीत इंजेक्शन. पुढची.

ओलेगारिओ कोंडवाड्याच्या वरच्या फळीवर पाय सोडून बसला होता. शिंगाच्या पेल्यात तेरेरे, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचा कडवट चहा, भरून घोट घेत होता.

"आता गाईंना बाहुल्या घालायच्या," तो म्हणाला. "उद्या बांगड्या घाला."

शिंगाचा तो पेला फळीवरून खाली क्रिस्पिनकडे गेला, क्रिस्पिनकडून परत वर, मग डॉक्टरकडे, परत वर. मारिल्दाच्या डोक्यावरून तो तीनदा असा गेला. तिच्या तोंडावर शेणाचा सपका बसला होता, गुडघ्यावर लाथ बसली होती, जीभ टाळूला चिकटली होती. तेरेरेचा पेला फिरताना एखाद्याला वगळायचे म्हणजे त्या भागात तोंडावर थुंकण्यासारखेच. ती हौदावर जाऊन गुरांच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायली आणि परत शेपटाशी उभी राहिली.

आठव्या दिवशी परत तोच खेळ. दोऱ्या ओढून साधने बाहेर काढायची, दोन इंजेक्शने द्यायची. या वेळी वासरेही तोडायची होती. दोन दिवस पान्हा बंद झाला की गाय लवकर माजावर येते असे डॉक्टरचे म्हणणे. वासरे वेगळ्या वाड्यात ढकलायला लागताच म्हातारा उठला.

"तान्ही पोरं आयांपासून तोडता. हे मी बघणार नाही," असे म्हणून तो घरात निघून गेला आणि जाताना दार आपटून गेला.

त्यामुळे पुढचे त्याने ऐकले नाही. डॉक्टरने पिशवीतून तांबडा जाड खडू काढला आणि पहिल्या गाईच्या शेपटाच्या बुडख्यावर, माकडहाडावर, वीतभर पट्टा ओढला.

"सगळ्यांना असा. माजावर आलेल्या गाईवर दुसऱ्या गाई चढतात, त्यात हा खडू घासून जातो. परवा सकाळी जिचा खडू पुसलेला, ती स्वतःच्या पायाने माजावर आली. तिला नुसतं रेतन. जिचा खडू तसाच राहिला, तिला रेतनाबरोबर आणखी एक इंजेक्शन, नाहीतर तिचं बीज वेळेवर सुटायचं नाही. ती इंजेक्शनं मी चाळीसच आणणार. जास्त मिळत नाहीत सध्या. कळलं?"

"कळलं," मारिल्दा म्हणाली. क्रिस्पिनने मान हलवली. सासऱ्याला सांगावे असे तिच्या मनात आलेही, पण दोन दिवस त्याच्या शिव्या खायचे त्राण तिच्यात नव्हते. आपल्याशी तो बोलत नाही, गाईंकडे पाहत नाही, तर सांगायचे कशाला?

पुढचे दोन दिवस नुसता हंबरडा. इकडे आया, तिकडे वासरे, मध्ये कुंपण. घरात बोललेले ऐकू येईना. म्हातारा जेवताना कानात कापसाचे बोळे घालून बसला आणि वाढणाऱ्या मारिल्दाला खुणेने मीठ मागू लागला. पण नवव्या दिवशी दुपारी मारिल्दा कुंपणाशी गेली आणि हरखून गेली. गाई एकमेकींवर चढत होत्या. एक उतरली की दुसरी. ज्या हाडकुळ्या गाईंनी वर्षभर वळूला शेपूट उचलून दिले नव्हते, त्या आता आपणहून स्तब्ध उभ्या राहून दुसरीचा भार सोसत होत्या. कितीतरी पाठींवरचा तांबडा पट्टा घासून गेला होता. तिने बिल्ल्यांचे नंबर लिहून घेतले नाहीत. उद्या खडू सांगेलच की.

दहाव्या दिवशी डॉक्टर चक्क वेळेवर आला. गोठवलेल्या रेताची नायट्रोजनची टाकी उतरवली, कोमट पाण्याचा डबा मांडला, लांब हातमोजे चढवले. क्रिस्पिनने पहिली गाय आत घेतली.

"खडू आहे," डॉक्टर म्हणाला. "इंजेक्शन."

दुसरी आली. खडू होता. तिसरीलाही होता. सहाव्या गाईला डॉक्टर थांबला, बोळात वाकून मागच्या गाईंकडे पाहिले आणि मग फळीवर चढून सगळ्या वाड्याकडे. नव्वद पाठी. नव्वद ठसठशीत, ताजे, वीतभर लांब तांबडे पट्टे.

"बाई, तुमची एकही गाय माजावर आली नाही?"

"आल्यात! मी काल बघितल्यात! निम्म्याच्या वर पुसलेल्या होत्या!"

"मग हे काय आहे?"

मारिल्दाने मागे वळून पाहिले. ओलेगारिओ कुंपणाला टेकून उभा होता. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याने कामाचे बूट घातले होते. त्याची दहाही बोटे तांबडी होती.

"मी ओढले," तो म्हणाला. आवाजात चक्क थोडा अभिमान होता. "पहाटेपासून, तुम्ही दोघं झोपेत होतात तेव्हापासून. कसलं काम करता तुम्ही लोक? निम्म्या गाईंचे खडू पुसून गेलेले. लशीच्या वेळी असं झालं असतं तर एकेकीला दोनदा टोचलं असतं. खूण दिली की ती टिकली पाहिजे. मी साठ वर्षं खूण पुसू दिलेली नाही."

त्या रानात खडूचा अर्थ एकच होता. खडू म्हणजे काम झाले. लस टोचली, खडू. जंताचे औषध पाजले, खडू. पुसट झाला तर पुन्हा ओढायचा, नाहीतर मालकाची बेअब्रू. क्रिस्पिनने टोपी काढून तोंडावर धरली. तो हसतो आहे की रडतो आहे ते कळेना.

मारिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला? दहा दिवस काडी उचलली नाहीत! दहा दिवस फळीवर बसून मला टोमणे मारलेत! आणि मदत सुचली ती आज? नेमकी आज?"

"चांगलं करायला गेलो तरी बोलणी."

"चांगलं? तो खडू पुसण्यासाठीच होता हो!"

"पुसण्यासाठी खडू?" म्हाताऱ्याने डॉक्टरकडे पाहिले. "ही काय बोलते?"

डॉक्टरने सांगितले. म्हातारा ऐकत गेला आणि त्याचा खालचा ओठ हळूहळू लोंबत गेला. सांगून झाल्यावर त्याने आपली बोटे पँटला पुसली, पण ती काही निघेनात.

"हात घालून कळतं मला थोडंफार," डॉक्टर मारिल्दाला म्हणाला, "पण नव्वदांचं छातीठोक नाही सांगू शकत. चाळीस इंजेक्शनं आहेत. अंदाजाने देऊ. नशिबात असेल ते."

"नशिबावर चालत असतं तर सुलतान काय वाईट होता?" मारिल्दा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. ती सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "पुसलेल्या कुठल्या होत्या?"

"म्हणजे?"

"तुम्ही पट्टे ओढलेत ना? मग कुणाचा पुसलेला होता, कुणाचा नव्हता? आठवतं?"

ओलेगारिओला हा प्रश्न झोंबला. मघापासूनच्या सगळ्या बोलण्यात तेवढाच झोंबला असावा.

"माझ्या गाई मला आठवणार नाहीत?" तो म्हणाला. "मला काय समजलीस तू?"

तो तरातरा येऊन खोड्याच्या तोंडाशी उभा राहिला. बिल्ल्यांचे नंबर त्याला कधी वाचता आले नाहीत आणि त्याची त्याला लाजही नव्हती.

"ही तुटक्या कानाची. पुसलेली. साफ पुसलेली," तो म्हणाला. डॉक्टरने हात घातला, तसा गाईच्या मागून काचेसारखा स्वच्छ चिकट धागा लोंबला. माजाचीच खूण ती; डॉक्टरने मान डोलावली आणि इंजेक्शन बाजूला ठेवले.

"ही क्रिस्पिनला नदीत पाडलेल्या गाईची लेक. तसाच होता. ही काळतोंडी, पुसलेली. ही रडकी, हिच्यावर कोण चढेल? तसाच. ही... थांब, हिला वळव जरा. हां. अर्धा. डाव्या अंगाला घासलेला."

"अर्धा म्हणजे काय लिहू?" मारिल्दा खेकसली.

"अर्धा म्हणजे अर्धा! मी काय खोटं सांगू?"

"डॉक्टर, अर्ध्याचं काय?"

"इंजेक्शन द्या," डॉक्टर म्हणाला. "आणि भांडण जरा हळू. गाई बिचकतात."

पाच तास ते चालले. ऊन चढले, घोडमाशा मानेला डसू लागल्या, डॉक्टरचा खांदा भरून आला. म्हातारा एकदाही खाली बसला नाही आणि एकदाही अडखळला नाही. मारिल्दा त्याच्यावर प्रत्येक गाईला चिडत होती आणि प्रत्येक गाईला त्याचेच ऐकत होती. नव्वदावी गाय सुटली तेव्हा अडतीस इंजेक्शने लागली होती, दोन उरली होती. वासरे सोडली. ती आयांच्या कासेला अशी भिडली की हंबरडा एकदम थांबला आणि सगळ्यांचे कान बधिर झाल्यासारखे झाले.

"झालं?" म्हाताऱ्याने विचारले.

"महिन्याने कळेल," डॉक्टर म्हणाला.

तो महिना सासरा-सून फक्त कामापुरते बोलले. "कुंपण तुटलंय." "बघितलंय." त्याने माफी मागितली नाही, तिला तशी अपेक्षाही नव्हती. पण रोज सकाळी गाईंमधून फिरताना तिला ती तांबडी बोटे आठवत आणि दाढा आपोआप आवळल्या जात. चाळीस वर्षे मागे असलेला हा माणूस आपले सगळे बुडवणार, आणि वर चांगले करायला गेलो म्हणणार, याचा तिला मनापासून वैताग आला होता.

तपासणीच्या दिवशी वाल्मीर न बोलावता आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट. डॉक्टरने हातात सोनोग्राफीची दांडी घेतली, डोळ्यांवर आतले चित्र दाखवणारा छोट्या पडद्याचा चष्मा चढवला आणि काम सुरू झाले. गाय आत आली की तो दोनच शब्द बोले. "गाभण." "रिकामी." मारिल्दा खोड्याच्या फळीवर कागद ठेवून प्रत्येक गाभणीला एक रेघ ओढत होती.

ओलेगारिओची मोजायची रीत वेगळी होती. त्याने कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यातून मूठभर मका पँटच्या खिशात घेतला होता. गाभण म्हटले की एक दाणा शर्टाच्या खिशात. असाच मोजत त्याने तरुणपणी आठशे गुरांचा कळप पार्दो उतरवून शहराच्या बाजारात नेला होता, आणि तिथल्या व्यापाऱ्याचे मोजणे एका गुराने चुकले होते, त्याचे नाही. ही गोष्ट वाल्मीर आपल्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत असे.

"रिकामी. रिकामी. गाभण. रिकामी."

दुपार झाली. शेवटची गाय रिकामी निघाली. मारिल्दाने रेघा मोजल्या. पाच-पाचचे आठ जुडगे आणि वर तीन. तिने परत मोजल्या. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा मोजल्या. 

"किती?" वाल्मीरने विचारले.

"त्रेचाळीस."

"अरेरे. दोनच कमी," वाल्मीर म्हणाला, आणि त्याला खरोखर थोडे वाईट वाटले असावे. त्याने पाकीट उघडले. "पेन आहे कुणाकडे?"

"थांब," ओलेगारिओ म्हणाला.

त्याने शर्टाचा खिसा फळीवर उलटा केला आणि दोन-दोन दाणे बोटाने बाजूला सारत गेला. सगळे पाहत होते. शेवटचे दोन सारून त्याने वर पाहिले.

"शेहेचाळीस."

"मामंजी, त्रेचाळीस आहेत," मारिल्दा म्हणाली. "मी एकेक रेघ ओढलीय."

"मग तीन ओढायच्या राहिल्या."

"राहिल्या नाहीत!"

वाल्मीर डॉक्टरकडे वळला. डॉक्टरने चष्मा काढला, एकदा म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सावकाश हातमोजा सोलायला लागला.

"माझा हात आत होता," तो म्हणाला. "मोजायचं काम माझं नव्हतं."

"बाबा," वाल्मीर म्हणाला, "कागदावर तर..."

"कागदाला गाय कळते? माझं मोजणं कधी चुकलंय? सांग. तूच सांग."

वाल्मीरने उघडलेले पाकीट परत मिटले. मारिल्दाने खरे तर गप्प बसायला हवे होते. गप्प बसण्यात तिचेच भले होते. पण गेल्या चाळीस दिवसांचे, बावीस वर्षांचे सगळे तिच्या घशाशी आले.

"त्रेचाळीस!" ती ओरडली. "त्रेचाळीसच आहेत! हरले तर हरले! पण आयुष्यात एकदा तरी माझं बरोबर आहे म्हणा!"

"तुझं मोजणं कच्चं आहे," ओलेगारिओ म्हणाला. "पुढच्या हंगामापर्यंत शीक." आणि फळीवरचे सगळे दाणे हाताने झाडून त्याने खाली टाकले. कोंबड्या धावत आल्या आणि मिनिटभरात सगळा हिशेब टिपून मोकळ्या झाल्या.

वाल्मीर काही वेळ कोंबड्यांकडे पाहत उभा राहिला. मग पाकीट काखेत मारून गाडीकडे गेला. गाडीचा धुरळा निलगिरीच्या रांगांत शिरला. मारिल्दा फळीला धरून उभी होती. रागाने तिला रडू फुटले होते आणि ते तिला लपवताही येत नव्हते.

डॉक्टरने साधनांची पेटी उघडली.

"रिकाम्यांना आजच परत ही साधनं बसवून टाकू, म्हणजे दुसऱ्या फेरीत येतील," तो म्हणाला. "किती काढू?"

"सत्तेचाळीस," ओलेगारिओ म्हणाला.

मारिल्दाने मान वर केली. नव्वदातून सत्तेचाळीस गेल्या की मागे किती उरतात, हे तिला बोटांवर मोजावे लागले नाही. म्हातारा तिच्याकडे न पाहता बोळाचे फाटक उघडत होता.

"बघत काय उभी राहिलीस?" तो म्हणाला. "शेपूट धर."